खोबरं, लवंग आणि लाकडाचं पिंप

पेपर पन्नास मार्कांचा असतो. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात भरणाऱ्या अंगाला ५ आणि एकूण परिणामाला १०. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम नावाची संस्था १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. घरी केलेल्या बिअरच्या स्पर्धा जिथे जिथे भरतात, तिथे बहुतेक हीच गुणपत्रिका टेबलावर येते. ज्या सोनेरी रंगावर आणि पांढऱ्या फेसावर सगळ्या जाहिराती उभ्या असतात, त्याला पन्नासात तीन मार्क. नशेला तर रकानाच नाही.

हे जळगाव-धुळ्याकडे सांगितलं की माणसं आधी हसतात. मग कोणीतरी विचारतं, ‘मग पितात कशाला?’

प्रश्न बरोबर आहे, कारण आमच्याकडे पिण्याचा हिशेब सरळ असतो. किती रुपयांत किती चढते? म्हणून क्वार्टर, म्हणून ‘स्ट्राँग’ बिअर, आणि तीही बर्फासारखी गार. इतक्या गारठ्यात जीभ बधिर होते, त्यामुळे चवीचा विषयच निघत नाही. थंडीत शेतावर होणाऱ्या भरीत पार्ट्या आठवून बघा. वांगं बामणोदच्या बाजूचं आहे की बाजारातून कुठलंही उचलून आणलंय, ते तुराट्यांवर भाजलं की पऱ्हाटीवर, हिरवी मिरची आधी भाजून घेतली की कच्चीच ठेचली, कांद्याची पात कधी पडली, शेंगदाणे जास्त झाले का, यावर तासभर खल चालतो. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून हे परीक्षकांचं मंडळ शेताशेतांत बसतंय. आणि त्याच माणसांच्या दुसऱ्या हातात जो ग्लास असतो, त्याबद्दल एकच चौकशी होते, ‘गार आहे ना?’

जीभ तीच असते. एका घासाला ती इतकी चिकित्सक आणि पुढच्या घोटाला इतकी बेफिकीर का होते, हा प्रश्न मला धुळ्यात एका बाटलीनं घातला.

देवपुरातल्या आतेभावाचा धाकटा भाऊ टेक्ससमध्ये असतो. तिथल्या एका घरगुती बिअरवाल्यांच्या क्लबात तो आहे आणि परीक्षा देऊन परीक्षकही झाला आहे. विमानतळावरून दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. त्या कोट्यात नातेवाईक व्हिस्कीची अपेक्षा धरून बसले होते आणि यानं काढल्या क्लबात बनवलेल्या ब्राऊन एल बिअरच्या छोट्या बाटल्या. बूर्बाँ व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली, नऊ टक्क्यांची. घरातल्या वडीलधाऱ्यांचा चेहरा पडला तो पडलाच.

अमेरिकेत घरी बिअर करणं १९७८ च्या कायद्यानं केंद्राच्या पातळीवर मोकळं झालं. एका सज्ञान माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त सज्ञान असलेल्या घराला २०० गॅलन. विकायची मात्र नाही. घरगुती घाणा साधारण पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा. बूर्बाँचं पिंप ५३ गॅलनचं, दोनशे लिटरचं. एकट्याच्यानं ते भरत नाही. म्हणून क्लबातले दहा-अकरा जण एकच कृती ठरवतात, आपापल्या गॅरेजात बिअर आंबवतात आणि एका रविवारी येऊन सगळी एका पिंपात ओततात. पिंप मिळायला अडचण नसते. बूर्बाँ म्हणवून घ्यायचं तर आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, असा तिथला कायदा आहे. कोरं म्हणजे एकदाच वापरायचं. त्यामुळे केंटकीतून दरवर्षी रिकाम्या पिंपांचा लोंढा निघतो. ती स्कॉटलंडला जातात, कॅरिबियन बेटांवर जातात आणि गेल्या तीसेक वर्षांपासून बिअरवाल्यांकडेही जातात. शिकागोच्या गूज आयलंडनं नव्वदीच्या दशकात काळ्या स्टाउट बिअरसाठी हा प्रयोग केला आणि मग त्याची लाटच आली.

टेबलावर चौघं होतो. आतेभाऊ, त्याचा परीक्षक भाऊ, मी, आणि रावेरकडचे एक केळीचे व्यापारी स्नेही, ज्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणतात. बाटल्या फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवल्या, याचा भाऊंना भलताच राग आला. पण ही बिअर दहा-तेरा अंशांवर प्यायची असते, त्याहून गार असली की तिचा वास उठत नाही. ग्लास एक तृतीयांशच भरायचा. गुटखा-तंबाखूला बंदी, अत्तराला बंदी. मध्ये मध्ये जीभ धुवायला पाणी आणि बिनमिठाची ज्वारीची भाकरी. वाईनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात, बिअरचे गिळतात, कारण कडूपणाची शेवटची ओळख घोट घशाखाली उतरताना पटते, असं ते मानतात. आणि पहिला नियम म्हणजे ओतल्या ओतल्या आधी हुंगायचं. काही वास असे असतात की मिनिटभरात उडून जातात. रंग काय, तो थांबतो.

आम्ही हुंगलं. ‘गोड आहे,’ आतेभाऊ म्हणाला. ‘दारूसारखी आहे,’ भाऊ म्हणाले. परीक्षक मान हलवत राहिला. गोड ही चव झाली, वास नव्हे, आणि दारूसारखी म्हणजे कोणत्या दारूसारखी?

तेवढ्यात भाकरीची टोपली ठेवायला वहिनी, म्हणजे आतेभावाची बायको, आल्या. त्या साक्रीकडच्या, घरी अहिराणी. दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नाही आणि घेणारही नाहीत, हे सगळ्यांना माहीत. ‘वहिनी, नुसता वास घेऊन सांगा,’ म्हणून परीक्षक दिराने ग्लास पुढे केला. त्यांनी हात न लावता वाकून हुंगलं.

‘यामा खोबरं शे ना! भाजेल खोबरं.’ पुन्हा एकदा वाकल्या. ‘लवंग बी शे.’

परीक्षकाच्या हातातलं पेन थांबलं. त्याच्या कागदावर नेमकं तेच होतं.

यात चमत्कार काही नाही, रसायनशास्त्र आहे. अमेरिकन पांढऱ्या ओकच्या लाकडात ज्याला व्हिस्की लॅक्टोन म्हणतात ते संयुग भरपूर असतं. खोबऱ्याचा वास ज्या संयुगांमुळे येतो तीही लॅक्टोनच, जातकुळी एक. ओकमध्ये युजेनॉल असतं, आणि लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक युजेनॉलच आहे; इथे तर जातकुळी नव्हे, अणू-रेणूसकट तोच पदार्थ. पिंप आतून जाळताना लाकडातलं लिग्निन फुटतं आणि त्यातून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन निघतं, धुराचा वास देणारं गुआयकॉलही निघतं. हेच गुआयकॉल तुराट्यांच्या धुरात असतं आणि भरिताच्या वांग्यात उतरतं. ज्या बाईनं पंचवीस वर्षं निखाऱ्यावर खोबऱ्याची वाटी भाजून, लवंग-दगडफूल परतून काळा मसाला केला आहे, तिच्या नाकाला ओकच्या पिंपात अनोळखी असं फारसं काही उरत नाही. परदेशी परीक्षकांना शिकवण्या लावून, वासाच्या कुप्या हुंगून जे कमवावं लागतं, त्यातलं निम्मं खानदेशच्या चुलीनं आधीच शिकवून ठेवलेलं असतं.

वहिनींनी वासाच्या रकान्यात १२ पैकी १० दिले आणि बाकीचा कागद कोरा ठेवून आत गेल्या. परीक्षकाचे ९ होते.

आता या बिअरचं घराणं. ब्राऊन एल हे नाव इंग्लंडात जुनं आहे, पण आजच्या अर्थाची बाटलीतली ब्राऊन एल १९०२ मध्ये लंडनच्या मॅन, क्रॉसमन अँड पॉलिन या कंपनीनं काढली. ती गोडसर, मवाळ होती. उत्तरेत न्यूकॅसलला १९२७ मध्ये जिम पोर्टर यांनी काढलेली ब्राऊन एल त्याहून कोरडी, शेंगदाण्या-बिस्किटाच्या अंगानं जाणारी निघाली. कारखान्यातल्या आणि गोदीतल्या कामगारांची ही बिअर. दिवसभर राबल्यावर दोन ग्लास घेतले तरी माणूस सरळ घरी जाईल, इतपतच तिची ताकद. गुणपत्रिकावाल्या संस्थेच्या आजच्या नियमावलीत ब्रिटिश ब्राऊन एलला ४.२ ते ५.९ टक्के अल्कोहोल आणि २० ते ३० एकक कडवटपणा अशी चौकट आहे. अमेरिकन ब्राऊन एल थोडी वरची, ६.२ टक्क्यांपर्यंत, रंग अधिक गडद आणि हॉप्सच्या फुलांचा वास जास्त मोकळा. तिचा सगळा खेळ भाजलेल्या जवाचा आहे. जव किती भाजायचा, हा प्रश्न. फिकट भाजला तर पावाचा वास, जरा पुढे गेला तर टॉफी, आणखी पुढे शेंगदाणा, त्यापुढे कोको, आणि त्यापुढे जळका कोळसा. ब्राऊन एलनं कोकोच्या अलीकडे थांबायचं असतं. पलीकडे गेली की ती पोर्टर होते आणि परीक्षक दुसऱ्या गटात ढकलतात.

अशा मवाळ बिअरला पिंपात घालावं की नाही, यावर दोन तट आहेत, आणि मी ‘शक्यतो नको’ या तटाचा आहे. काळीकुट्ट, अकरा-बारा टक्क्यांची स्टाउट पिंपाशी झुंजू शकते. ब्राऊन एल त्या मानानं हलक्या अंगाची. लाकूड आणि बूर्बाँ तिच्या छातीवर बसतात आणि खाली कोण होतं ते कळेनासं होतं. म्हणून मुरवणारे आधी तिचीच ताकद वाढवतात, जव जास्त घालून आठ-नऊ टक्क्यांवर नेतात. अमेरिकेच्या डॉगफिश हेड कंपनीनं वेगळी वाट काढली. तिच्या पालो सांतो मरॉन या बारा टक्क्यांच्या ब्राऊन एलसाठी पॅराग्वेतल्या पालो सांतो लाकडाचं दहा हजार गॅलनचं पात्रच बांधलं. तिथे आधीच्या दारूचा वास नाही, नुसतं लाकूड.

परीक्षणात हा फरक महत्त्वाचा ठरतो. नियमावलीतल्या ३३ अ या गटात फक्त लाकडाचा गुण चालतो. आधीच्या मद्याचा वास आला तर ती बिअर ३३ ब मध्ये जाते. दोन्ही गटांत स्पर्धकाला आधी लिहून द्यावं लागतं की मूळ बिअर कोणती. परीक्षक मग तेच शोधतो. तुम्ही ब्राऊन एल म्हणालात ना, मग पिंपाच्या आड ती मला दाखवा. आवडली-नावडली हा मुद्दा शेवटच्या दहा मार्कांत येतो. आधीचे चाळीस मार्क कबूल केलेलं पाळलं का, याचे. मला या पेपरातली ही गोष्ट सगळ्यांत जास्त पटते. कितीतरी साहित्यसंमेलनांतल्या परीक्षकांना ती शिकवायला हवी.

धुळ्याच्या त्या बाटलीत ब्राऊन एल दिसत होती, पण पडद्याआडून. रंग तांबूस, उजेडात धरला तर कडेला माणकासारखा. किंचित गढूळ, म्हणून तीनपैकी दोन. पहिल्या घोटात व्हॅनिला आणि बूर्बाँची ऊब, मग जवाची टॉफी, मग भाजलेल्या शेंगदाण्याची एक पुसट रेघ. तीच रेघ आम्हाला हवी होती. शेवटाला लाकडाचा तुरटपणा जरा रेंगाळला. पिंपातून दोन महिने आधी काढली असती तर बरं झालं असतं, असं परीक्षक स्वतःच म्हणाला.

भाऊंचा आक्षेप वेगळाच होता. दुसऱ्या घोटानंतर त्यांनी ग्लास नाकाशी धरला आणि धरूनच ठेवला.

‘केळी आहे यात.’

‘थोडीशी,’ परीक्षक म्हणाला.

‘थोडीशी नाही. चेंबरमधून दोन दिवस उशिरा काढलेला माल आहे हा. साल काळी पडायला लागते तेव्हाचा वास.’

रावेर-यावलच्या माणसाशी केळीच्या वासावरून वाद घालू नये. पिकत्या केळीचा जो खास वास, तो मुख्यतः आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट या संयुगाचा. तेच संयुग यीस्टही तयार करतं, आणि आंबवण तापलं की जास्तच करतं. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये ते हवंसं असतं. तिची ओळखच केळी आणि लवंग. ब्राऊन एलमध्ये फळाचा हलका वास चालतो, काळी पडलेली साल चालत नाही. परीक्षकाला कबूल करावं लागलं की क्लबातल्या काहींनी टेक्ससच्या उन्हाळ्यात, गॅरेजात, तापमान न आवरता बिअर आंबवली होती. अकरा जणांनी ओतलेल्या बिअरीत त्या दोघा-तिघांच्या गॅरेजाची गरमी भाऊंनी धुळ्यात बसून हुडकली.

बेरीज झाली. परीक्षकाचे ३६, माझे ३५, आतेभावाचे ३४, भाऊंचे २९. पद्धत अशी की परीक्षक आधी एकमेकांचा कागद न बघता मार्क देतात, मग बोलतात, आणि आकड्यांत सातपेक्षा जास्त अंतर असेल तर बोलून जवळ येतात. आमचं अंतर बरोबर सात. ३० ते ३७ म्हणजे ‘फार चांगली’, २१ ते २९ म्हणजे ‘चांगली’. भाऊ एका मार्कासाठी हटून बसले. ‘मंडीत असा माल आला तर मी भाव पाडून मागितला असता,’ म्हणाले. त्यांना कोणी समजावू शकलं नाही आणि माझ्या मते समजावण्याची गरजही नव्हती.

मग मूळ प्रश्न आणखी बोचतो. नाक आहे, जीभ आहे, वाद घालायची हौस तर सगळ्यांत आधी आहे. तरी आमच्या ग्लासातून चव गेली कुठे?

एके काळी ती होती. सातपुड्याच्या रांगेत, आज नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या अक्कलकुवा-धडगाव-तळोद्यात, साक्री-शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात, चोपडा-यावलच्या उत्तरेला, भिल्ल आणि पावरा समाजांत मोहाची दारू घरची होती. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुलं गळतात, ती बायका-पोरं वेचतात, वाळवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. ती भिजवून काही दिवस आंबवायची, मग मडक्यावर मडकं ठेवून, वर गार पाणी घालत गाळायची. पहिली धार वेगळी, नंतरची वेगळी, आणि हे वेगळेपण नुसतं ताकदीचं नव्हतं. फूल किती वाळलं, आंबवण किती दिवस राहिलं, जाळ मंद होता की भडकला, हे धारेत उतरतं. देवाला, पितरांना आधी धार सोडायची, मग माणसांनी घ्यायची. जन्म, लग्न, होळी, मरण सगळीकडे ती लागायची. जी वस्तू देवापुढे ठेवायची ती वाईट गाळून चालत नाही. वाईट गाळणारा सगळ्या पाड्याला माहीत असतो.

मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. त्यानं घरच्या गाळण्यावर बंदी आणली आणि दारू गाळणं-विकणं मक्तेदारांच्या हाती दिलं. सरकारला महसूल हवा होता आणि मक्तेदाराला खप. ठाणे-कुलाब्यात तर १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा झाला. ज्या झाडाखाली बायका फुलं वेचत, ती फुलं जवळ बाळगणंच संशयास्पद ठरलं. त्यानंतर दारू दोनच जागी उरली. एक मक्त्याच्या दुकानात, जिथे ती कोणी गाळली याचा पत्ता नाही. दुसरी जंगलात चोरून, जिथे पोलीस यायच्या आत संपवायची असते. घाईत गाळलेल्या आणि घाईत प्यायलेल्या दारूला चव विचारायची नसते. आज हातभट्टीवर जे गाळतात त्यात मोहाऐवजी काळा गूळ आणि नवसागर असतो, आणि तिथेही ‘पहिल्या धारेची’ म्हणून जे कौतुक होतं ते ती पेट घेते का एवढ्यावरच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती वगळून हा विषय लिहिणं लबाडी होईल. दुकानाच्या दारूनं आदिवासींना कर्जात आणि वेठीत लोटलं. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ डांग, सुरत जिल्हा करत पश्चिम खानदेशाच्या कडेपर्यंत आली. देवी अंगात येई आणि दारू-ताडी सोडा, दारूवाल्याच्या शेतावर राबू नका असं सांगे. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. पुढे तीसच्या दशकात तळोदा तालुक्यात गुलाम महाराजांच्या आरतीला हजारोंनी आदिवासी जमत, दारू सोडत आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून हाक मारत. ज्यांनी ती सोडली त्यांनी शहाणपणानंच सोडली. आजही गावातल्या बाया ‘आडवी बाटली’साठी सह्या गोळा करतात तेव्हा मी त्यांच्याच बाजूचा असतो. त्यांच्या घरात जी येते ती ब्राऊन एल नसते.

पण याचा परिणाम असा झाला की आमच्याकडे दारूबद्दल बोलायच्या दोनच भाषा राहिल्या. एक चढण्याची आणि एक सोडण्याची. स्वातंत्र्यानंतरच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा पाच रुपयांत, देशीचा दोन रुपयांत. म्हणजे कायद्याच्या नजरेत पिणं हा मुळात अपराध आणि परवाना ही सवलत. घरी बिअर करणं तर परवान्याशिवाय गुन्हाच. टेक्ससच्या गॅरेजातला तो रविवारचा उद्योग धुळ्यात केला तर दारात अबकारीची जीप येईल.

व्यवसाय म्हणून मात्र वाट निघाली आहे, आणि ती पुण्यातून निघाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी २००९ मध्ये डूलाली सुरू केली; राज्यातली ती पहिली मायक्रोब्रुअरी. मग इंडिपेंडन्स, ग्रेट स्टेट एलवर्क्स, मधाची मीड करणारी मूनशाईन अशी रांग लागली. खानदेशाला जवळचं बिअरचं ठाणं म्हणाल तर अजिंठ्याचा घाट चढून गेलं की वाळूजचे मोठे कारखाने. तिथे लाखो बाटल्या भरतात. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली, तेव्हाच ते खानदेशातल्या बऱ्याच लोकांना ठाऊक झाले.

जळगावात पिंप ठेवायचं म्हटलं तर पहिला वैरी उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के मद्य उडून जातं. त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत हा वाटा दहा टक्क्यांच्या पुढे जातो आणि त्यांनी एका व्हिस्कीचं नावच ‘ग्रीडी एंजल्स’ ठेवून त्यावर विनोद करून घेतला. व्हिस्कीला हे परवडतं. बिअरला परवडत नाही. पिंपात जागा रिकामी झाली की हवा शिरते, हवेबरोबर व्हिनेगरचे जीवाणू जागे होतात, आणि उन्हाळा संपेस्तोवर तुमच्याकडे दोनशे लिटर सिरका असतो. जे आंबट होत नाही त्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. बिअरच्या पिंपाला तळघर लागतं, बारा-चौदा अंशांचं, वर्षभर एकसारखं.

भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले. निर्यातीची केळी तेरा-चौदा अंशांवर ठेवतात. त्याखाली गेली की साल काळवंडते, वर गेली की पिकायला लागते. रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची मानांकनवाली केळी २०२१ मध्ये बावीस टन दुबईला गेली ती अशीच, हे आकडे तिथल्या पोराठोरांना पाठ असतात. इंग्लंडच्या पबखालच्या तळघराचं तापमान आणि सावदा-रावेरच्या शीतगृहाचं तापमान जवळपास एकच निघालं. ‘एक चेंबर रिकामं असतं श्रावणात,’ ते म्हणाले आणि लगेच परवाना, अबकारी, गावातले लोक काय म्हणतील, अशी पुढची यादी स्वतःच वाचून दाखवली. माल मात्र ब्राऊन एल नको, असं त्यांचं मत. केळीचीच करायची. युगांडा-टांझानियात केळीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि इंग्लंडमधली एक कंपनी केळी घालून केलेली तांबूस एल बाटलीत विकते, हे ऐकल्यावर तर त्यांचा आवाज चढला. ‘म्हणजे केळी आपली आणि अक्कल त्यांची?’

माझी निवड वेगळी आहे. मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून रस्ता मोकळा केला. महाराष्ट्रानं त्याच्या आदल्या वर्षी मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. डहाणूच्या साऊथ सीज डिस्टिलरीनं मोहाचं मद्य उंची बाटलीत घालून दुकानात आणलं. उद्या कोणी सातपुड्याच्या पायथ्याशी रीतसर परवान्यानं मोह गाळून ओकमध्ये मुरवलं, आणि त्याच्या कमाईचा वाटा फुलं वेचणाऱ्या बायकांपर्यंत गेला, तर मागे एक रिकामं पिंप राहील. त्या पिंपात पुण्याची एखादी मवाळ ब्राऊन एल चार महिने ठेवून बघावी. मोहाला वाळल्या फुलांचा, मनुकांचा गोड धूसर वास असतो. भाजलेल्या जवाच्या अंगावर तो बूर्बाँइतका बसणार नाही, असा माझा अंदाज आहे.

परीक्षक म्हणाला, जमेल, गट ३३ ब. अर्जावर मूळ बिअर, लाकूड आणि पिंपात आधी कोणतं मद्य होतं ते लिहावं लागेल. तिथे ‘मोह’ लिहिलं की स्पर्धेच्या आयोजकांची पंचाईत होणार, कारण त्या टेबलावर निदान एक तरी असा माणूस बसवावा लागेल, ज्यानं धडगावकडची चांगली गाळलेली पहिली धार हुंगली आहे. वहिनी म्हणाल्या, हुंगायचीच असेल तर मी येते.